चष्मा घालवतो म्हणून टोकन घेतलं, आता फोन बंद

गेल्या हिवाळ्यात आमच्या चोपड्याला एका मंगल कार्यालयात ‘मोफत नेत्रतपासणी व चष्मामुक्ती शिबिर’ भरलं होतं. त्यात माझ्या बहिणीच्या घरातून 24,000 रुपये गेले. पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे भाच्याचे डोळे थोडक्यात वाचले. तेच लोक दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या नावानं फिरत असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

भाचा 19 वर्षांचा, भरतीची तयारी करतो. चष्मा आडवा येईल ही घरातल्या सगळ्यांनाच धास्ती. शिबिरात त्याला मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, नंबर काढला आणि पांढऱ्या कोटातल्या माणसानं लगेच सांगितलं, “लेझर करून टाकू, नंबर झिरो.” दाजींनी विचारलं, “पोऱ्याना चष्मा जाई ना, भाऊ?” तर म्हणे, शंभर टक्के, आणि आज टोकन भरलं तर निम्म्या दरात. मग त्याच टेबलावर ताईची चाळिशी आणि आबांचं धुरकट दिसणंही त्याच पॅकेजमध्ये बसवलं. तिघांचे प्रत्येकी 8,000. कापूस नुकताच विकला होता, पैसे घरात होते. हे त्या लोकांना चांगलं ठाऊक असतं, शिबिरं त्याच दिवसांत लागतात असं माझं मत आहे.

मला कळलं तेव्हा भाच्याचे जुने चष्म्याचे कागद काढून बघितले. दोन वर्षांत सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईमुळे लागणारा, नंबर सारखा वाढलेला. नंबर किमान वर्षभर स्थिर नसेल तर चांगला डॉक्टर लेझरचं नावच काढत नाही. त्याला जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, नकाशा काढणारी तपासणी केली, जाडी मोजली, आणि निदान निघालं केरॅटोकोनस. म्हणजे हा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत चाललाय. निरोगी डोळ्यातही हा पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. लॅसिकमध्ये, म्हणजे चष्मा घालवायच्या लेझर ऑपरेशनमध्ये, त्याचाच बारीक थर काढून आकार बदलतात. ज्याचा पडदा आधीच कमजोर, त्याचा आणखी थर काढला तर तो अजून फुगतो आणि मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा ताई तिथेच रडायला लागली. भाच्याला डोळे चोळायची सवय होती, ती आधी बंद करायला सांगितली. मग क्रॉसलिंकिंग केलं. त्यात रायबोफ्लेविनचे थेंब टाकून अतिनील प्रकाश देतात, त्यानं पडदा घट्ट होतो आणि आजार वाढायचा थांबण्याची शक्यता खूप वाढते. चष्मा मात्र राहणार.

ताईला सांगितलेलं तर उघड खोटं होतं. चाळिशी येते ती डोळ्याच्या आतलं भिंग ताठर झाल्यामुळे, वरच्या पडद्यावर लेझर मारून ते भिंग पुन्हा लवचीक होत नाही. एक डोळा दूरचं पाहायला, एक जवळचं पाहायला अशी तडजोड करतात, पण ती समजावून, आधी करून पाहून द्यायची असते. आबांचं वेगळंच. मोतीबिंदूचं ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालेलं, आणि बसवलेल्या लेन्सच्या मागचा पापुद्रा धुरकट झाला होता. जळगावला यॅग लेझरनं काही मिनिटांत काम झालं, चिरफाड नाही, आबा त्याच दिवशी घरी. शिबिरवाल्यांनी त्यांना लॅसिकचं पॅकेज विकलं होतं!

लॅसिक वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. दूरचं न दिसणं, जवळचं न दिसणं (चाळिशीमुळे नव्हे), सिलिंडर, यांवर ते खरंच चांगलं काम करतं. पण वय 18 च्या पुढे हवं, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं थांबायचं असतं, डोळे कोरडे पडतात का ते पाहावं लागतं, थेंब टाकून डोळ्याच्या आतला मागचा पडदा तपासावा लागतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यानं मोजमापाआधी काही दिवस ती काढून ठेवायची असते. मंगल कार्यालयातल्या टेबलावर यातलं काय होणार?

पैसे मागायला गेलो तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘टोकन परत मिळणार नाही’. पावतीवर दवाखान्याचा पत्ता नाही, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. या दोन गोष्टी नसतील तर रुपयाही देऊ नका. थोड्या दिवसांनी फोन बंद. दाजींनी रोख दिले होते. ऑनलाइन दिले असतील त्यांनी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. त्या शिबिराची पावती ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती फेकू नका, दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा आणि तुमचाही अर्ज द्या. एकाच माणसाविरुद्ध दहा अर्ज गेले तर दुर्लक्ष करणं अवघड जाईल.