विहिरीच्या पाण्यातलं तणनाशक तपासून घेतलं: लॅब मस्त, पॅकेज अपुरं

पुण्यातल्या एका खासगी लॅबला पाणी तपासायला दिलं होतं, त्याचा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, कारण मला लॅबपेक्षा त्यांच्या 'पेस्टिसाइड पॅकेज'बद्दल जास्त बोलायचंय.

जमीन सासरची, वाळवा तालुक्यात, काळी, आणि वर्षानुवर्षं ऊस. लागण झाली की अ‍ॅट्राझिन हे तणनाशक ठरलेलं, मधे मका केला तरी तेच, कारण भांगलणीला बायका मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. आणि त्याच विहिरीचं पाणी वस्तीवर प्यायला. मेहुणे म्हणतात, "अहो ते दोन महिन्यात जातंय जमिनीतनं." दोन महिन्यात साधारण निम्मं जातं, हा पुस्तकातला आकडा, आणि तोही जमिनीप्रमाणे भरपूर हलतो. सामू (पीएच) जास्त असला की हे औषध तुटायला वेळ घेतं, आणि आपल्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या आसपास. एकदा ते मुळांच्या खाली उतरून पाण्यात गेलं की तिथं त्याला खाणारे जीवाणू फार कमी, मग ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. जर्मनीत १९९१ ला बंदी आली, तिथल्याच एका प्रयोगात शेवटच्या फवारणीनंतर २२ वर्षांनी मातीत अ‍ॅट्राझिन सापडलंय. युरोपियन युनियननं २००४ मध्ये परवानगी काढून घेतली, तरी तिथल्या भूजलात ते अजून निघतं. आपल्याकडे २०२० च्या बंदीच्या मसुद्यात २७ औषधांमध्ये याचंही नाव होतं, पण दुकानात पुडी आरामात मिळते.

तर लॅब. सर्व्हिस खरंच चांगली. तपकिरी काचेच्या बाटल्या त्यांनीच दिल्या, फोनवरच्या मॅडमनी नीट सांगितलं की मोटर थोडा वेळ चालू ठेवा मग सॅम्पल भरा, बर्फात ठेवा, लवकर पोचवा, आणि प्लास्टिकच्या बाटलीत आणलंत तर आम्ही घेणार नाही. रिपोर्ट सांगितलेल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आला. शंका विचारल्या तर केमिस्ट स्वतः बोलला, उगाच टोलवाटोलवी नाही.

आता रिपोर्ट. अ‍ॅट्राझिनसमोर 'आढळले नाही'. घरी सगळे खूश. पण शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलेलं की त्यांची पद्धत लिटरला ०.५ मायक्रोग्रॅमच्या वरचंच मोजते, म्हणजे ०.४ असेल तरी रिपोर्टमध्ये 'आढळले नाही'च येणार. आयएस १०५०० म्हणजे पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक, त्यात मर्यादा २ मायक्रोग्रॅम, अमेरिकेत ३, आणि युरोपात कुठल्याही एका कीडनाशकाला ०.१. त्यामुळे आपल्या नियमाला हा रिपोर्ट चालतो, युरोपचा आकडा धरला तर त्यातून काहीच कळत नाही. लॅबची यात चूक नाही, पॅकेजच भारतीय मानकाच्या यादीवर बेतलेलंय.

आणि खरी गोची त्या यादीतच आहे. अ‍ॅट्राझिन तुटतं म्हणजे गायब होत नाही, त्याची पिल्लं तयार होतात, त्यातलं डीईथाइल अ‍ॅट्राझिन तर मूळ औषधापेक्षा पाण्याबरोबर जास्त सहज खाली उतरतं, आणि जुनी फवारणी असेल तिथं बऱ्याचदा आईपेक्षा हे लेकरूच जास्त सापडतं. यादीत ते नाहीच! जागतिक आरोग्य संघटना ही पिल्लं आणि मूळ औषध एकत्र धरते (तिची मर्यादा मात्र १००, भलतीच सैल, कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही बघा). उसात सर्रास वापरतात ती मेट्रिब्युझिन आणि डाययुरॉन ही तणनाशकंसुद्धा यादीत नाहीत. डीडीटी, एंडोसल्फान, लिंडेन अशी जुनी मंडळी मात्र सगळी हजर, म्हणजे उसाच्या पट्ट्यातल्या माणसानं ज्याच्यासाठी पैसे भरले तेच अर्धं बाहेर राहिलं.

माती पण तपासून देतो म्हणाले, पण रेट ऐकून मी कुंड्या मांडल्या. एकीत फवारलेल्या रानातली माती, दुसरीत कधीच फवारणी न झालेल्या परड्यातली, दोन्हीत काकडी आणि सोयाबीन. उगवण दोन्हीकडे सारखी, कारण हे औषध बी मारत नाही, पानाचं प्रकाशात अन्न बनवणं बंद पाडतं, त्यामुळे खरी पानं येईपर्यंत थांबावं लागतं. मग रानातल्या मातीतली काकडी जुन्या पानांच्या कडेनं पिवळी पडत गेली, परड्यातली हिरवीगार. यावरून पाण्याचं काही कळत नाही आणि आकडा पण मिळत नाही, पण त्या तुकड्यात यंदा भाजी लावायची नाही एवढं ठरलं.

रेटिंग: माणसं आणि सर्व्हिस साडेचार, पॅकेज अडीच. पैसे भरायच्या आधी फोनवर विचारा की कुठली कुठली औषधं मोजता, किती कमी मोजू शकता, आणि डीईथाइल अ‍ॅट्राझिन घालता का. मी विचारल्यावर ते वेगळ्या मशीनवर ०.०५ पर्यंत करून द्यायला तयार झाले, चार्ज वेगळा आणि सॅम्पल नवीन लागेल म्हणाले. पावसाळ्यात विहीर भरली की ते देणार आहे, रिपोर्ट आला की इथंच खाली टाकतो.