पहिला अल्बम: स्टुडिओ की घोडबंदरची बेडरूम?

आमची आठ गाणी तयार आहेत, वाद फक्त रेकॉर्डिंग कुठे करायचं याचा. स्टुडिओत भाडं तासावर, त्यामुळे तिसऱ्या टेकलाच ड्रमरला घाम फुटतो. पण ड्रम्सना आठ माइक एकदम लावायचे तर दुसरा इलाज नाही. घरच्या इंटरफेसला (माइक, गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) माइकच्या जागा दोनच.

गिटारचं उलटं. घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये रात्री साडेबारानंतर (त्याआधी शेजारचा कुकर प्रत्येक टेकमध्ये शिट्टी मारतो) गिटारची केबल थेट इंटरफेसला जोडायची, हेडफोन लावायचे. २४ बिटवर (म्हणजे आवाज जास्त बारकाईने साठवणाऱ्या सेटिंगवर) रेकॉर्डिंगची लेव्हल जरा कमी ठेवली तरी खरखर जाणवत नाही. पुन्हा सूर लावून वीसदा वाजवा, कोण विचारतंय! गाणं मात्र स्टुडिओतच. आई झोपलेली असताना मोकळा आवाज लागत नाही.