मराठवाड्यातल्या घरात अ‍ॅनिमोन: बबल टिप, कार्पेट की नुसतीच क्लाऊनफिशची जोडी?

मराठवाड्यात अ‍ॅनिमोन पाळायचा असेल तर मे आणि जून हे दोन महिने डोळ्यांसमोर ठेवून निवड करा. अ‍ॅनिमोन म्हणजे खाऱ्या पाण्यातला, फुलासारखा दिसणारा प्राणी, ज्याच्या डोलणाऱ्या बोटांत क्लाऊनफिश मासा आसरा घेतो. बबल टिप आणि कार्पेट हे त्याचेच प्रकार. मोबाईलवर डोलताना दिसणारा गुलाबी बबल टिप, दुकानातला गालिच्यासारखा पसरलेला हिरवा कार्पेट, नाहीतर अ‍ॅनिमोनशिवाय ठेवलेली क्लाऊनफिशची जोडी, डिसेंबरात हे तिन्ही पर्याय सारखेच सोपे वाटतात. परभणीत पारा ४३-४४ ला टेकला, भर दुपारी लाईट गेली आणि बोअर आटायला लागली की त्यांच्यातला खरा फरक कळतो.

तिन्हींची मूळ गरज एकच. तापमान २४ ते २७ अंश, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. मासे यात थोडं इकडेतिकडे झालं तर निभावून नेतात, अ‍ॅनिमोन नेत नाही. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याचं बरंचसं पोषण तिथूनच येतं. पाणी तापलं की तो हे शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि हळूहळू उपाशी मरतो. म्हणून टाकी किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर चाललेली असावी. मी तर म्हणेन, तिने एक उन्हाळा पार केलेला असावा.

उन्हाळ्याचं गणित मुंबई-पुण्याच्या सल्ल्यावर मांडू नका. मुंबईच्या दमट हवेत पाण्यावर पंखा लावून फारसं काही होत नाही, चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावाच लागतो. आपल्याकडची कोरडी हवा इथे कामाला येते. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर नुसत्या बाष्पीभवनाने पाणी थंड होण्याची मर्यादा २२ अंशांच्या आसपास उतरते. घरातली टाकी तितकी थंड होत नाही, पण पृष्ठभागावर दोन-तीन १२ व्होल्टचे पंखे लावले, झाकण काढलं आणि खिडकी उघडी ठेवली तर एप्रिल-मेमध्ये तापमान पुष्कळ आटोक्यात राहतं. हे पंखे साध्या बॅटरीवरही चालतात. चिलरला कॉम्प्रेसर असतो आणि तो सुरू होताना जास्त करंट ओढतो, त्यामुळे घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

खरी अडचण जूनमध्ये येते. ढग जमतात, हवा दमट होते, पाऊस मात्र लांबतो. मग ३४-३५ अंशांतही पंख्याचा जोर संपतो आणि मे सुखरूप काढलेली टाकी मृगात तापते. या काळासाठी चिलर किंवा खोलीत एसी हवाच. तेवढा खर्च झेपणार नसेल तर अ‍ॅनिमोनचा विचार इथेच सोडा. क्लाऊनफिशची जोडी त्या पंधरवड्यात काळजीपूर्वक सांभाळता येईल.

पंख्याची दुसरी बाजू पाण्याची. २०० लिटरच्या टाकीतून भर उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर पाणी सहज उडतं. मीठ मागेच राहतं, म्हणजे खारेपणा वाढत जातो. भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची, आणि ती फ्लोट (पातळी उतरली की पाणी सोडणारा तरंगता वॉल्व्ह) लावून थोडी थोडी घालावी. संध्याकाळी एकदम बादली ओतली तर अ‍ॅनिमोन आक्रसतो. बोअरचं पाणी यासाठी चालत नाही, त्यात क्षार आणि बऱ्याच ठिकाणी नायट्रेटही असतं. जारचं पाणी पिण्यासाठी ठीक, पण विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर लावलंत तर शून्य क्वचितच दिसेल. म्हणून घरी आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषून घेणारं डीआय रेझिन लागतं. आरओमधून एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर वाहून जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते लातूर आपलंच आहे. घरी टँकर येत असेल तर आधी हा हिशोब घरच्यांसोबत बसून करा. वाहून जाणारं पाणी फरशी पुसायला, संडासाला वापरता येतं. तशी सोय होणार नसेल तर मोठी टाकी मांडू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता प्राण्यांकडे वळू. बबल टिप खडकाच्या फटीत पाय रोवतो आणि प्रकाशाकडे तोंड काढतो. पूर्ण वाढल्यावर तो ३० सेंटीमीटरपर्यंत पसरतो. मध्यम प्रकाश आणि मध्यम प्रवाहात तो रमतो, आणि खारेपणात थोडी चूक झाली तर क्लाऊनफिशला आसरा देणाऱ्या इतर यजमान अ‍ॅनिमोनांपेक्षा जास्त सहन करतो. टोकांना फुगे आले नाहीत तरी घाबरू नका, निरोगी बबल टिपही कधी कधी लांब बोटांचा दिसतो. त्याचा मोठा गुण म्हणजे तो मधोमध दुभंगून एकाचे दोन होतो. त्यामुळे एखाद्या छंदिष्टाच्या टाकीत वाढलेला तुकडा मिळू शकतो आणि समुद्रातून काढलेला प्राणी घ्यावा लागत नाही. मोठा दोष म्हणजे तो चालतो. जागा पटली नाही तर रात्रीतून टाकीभर फिरतो, आणि वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या) जाळीत ओढला गेला की त्याच्या चिंध्या होतात. त्यामुळे प्रत्येक पंपाच्या तोंडावर स्पंज किंवा बारीक जाळी हवीच.

कार्पेटची गोष्ट वेगळी. आपल्याकडे विकला जातो तो बहुतेक हॅडोनाय जातीचा, भारताच्या किनाऱ्यांवरही आढळणारा. तो वाळूत बसतो, त्याला १० सेंटीमीटरहून जास्त वाळूचा थर आणि जोरदार प्रकाश लागतो. अर्धा मीटर आणि त्याहूनही मोठा पसरतो, म्हणून ४०० लिटरच्या खाली त्याला आणू नये. त्याचा डंख जबर असतो, चुकून चिकटलेला मासा तो सरळ गिळतो, आणि हात घालताना हातमोजे लागतात. तो टाकीत मेला आणि वेळीच काढला नाही, तर सडून सगळं पाणी बिघडवतो. इतक्या मोठ्या टाकीला जूनमध्ये थंड ठेवणं आणि दोन दोन तास लाईट गेल्यावर तिच्यातला प्रवाह चालू ठेवणं, दोन्ही महाग पडतं. चिलर, त्याला पुरेल असा जनरेटर किंवा सोलरची बॅटरी, आणि माशांची मोजकी संख्या, एवढं सगळं असेल तरच कार्पेट घ्या. मराठवाड्यातल्या पहिल्या टाकीसाठी मी तो कोणालाही सुचवणार नाही.

मॅग्निफिका हा आणखी एक प्रकार सुंदर असतो, पण त्याला फार जोराचा प्रकाश आणि प्रवाह लागतो आणि समुद्रातून आणल्यावर तो टिकवणं अवघड जातं. सीबी नावाने विकला जाणारा पांढराशुभ्र अ‍ॅनिमोन बहुधा शैवाल गमावलेला असतो. गडद पिवळा किंवा जांभळा दिसला तर रंगवलेला असण्याची शक्यता धरा. ते घेऊ नका.

उरला तिसरा पर्याय, अ‍ॅनिमोनशिवाय क्लाऊनफिश. या पर्यायाकडे कमीपणाने बघितलं जातं, ते मला पटत नाही. समुद्रात अ‍ॅनिमोन माशाला शत्रूपासून वाचवतो, टाकीत तो शत्रूच नसतो. जोडी त्याच्याविना व्यवस्थित जगते, अंडीही घालते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमला क्लाऊनफिशची पैदास यशस्वी केलेली आहे, त्यामुळे पैदाशीतली जोडी मागून घेता येते. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. ओसेलॅरिस या लोकप्रिय क्लाऊनफिशचा निसर्गातला यजमान बबल टिप नाहीच. टाकीत तो पुष्कळदा त्याच्यात शिरतो, काही वेळा वर्षभर ढुंकूनही बघत नाही. फक्त मासा अ‍ॅनिमोनमध्ये लोळताना बघायचा म्हणून खर्च करणार असाल तर हे आधी माहीत असू द्या.

खुद्द अ‍ॅनिमोनवर जीव असेल तर गोष्ट वेगळी. स्कॉटिश निसर्गअभ्यासक जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेला थंड पाण्यातला एक अ‍ॅनिमोन एडिंबरोत १८८७ पर्यंत जगला. काचेच्या भांड्यात, नियमित पाणी बदलून, एकाकडून दुसऱ्याकडे सोपवत त्याला सांभाळला होता. इतकी वर्षं जगू शकणारा प्राणी आपल्याकडे एका उन्हाळ्यात मरत असेल तर तो आणायला नको होता, असं मी मानतो.

मग माझा कौल असा. २०० लिटरच्या आसपासची, एक जून ओलांडलेली टाकी, जूनसाठी चिलर किंवा एसी, डीआयचं पाणी आणि वेव्हमेकर किमान सहा तास चालवेल अशी बॅटरी असेल तर बबल टिप. यातलं काही एक जरी कमी असेल तर क्लाऊनफिशची जोडी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचार. टाकी सजवायला दगडी प्रवाळ किंवा त्याचे सांगाडे कोणी देत असेल तर घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते संरक्षित आहेत. कृत्रिम खडकावर बबल टिप तितकाच आनंदाने बसतो. टाकीत पूर्वी कधी तांब्याचं औषध वापरलं असेल, तर त्या टाकीत अ‍ॅनिमोन अजिबात नको.

घ्यायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या, म्हणजे मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या डब्यात आणताना पिशवी तापत नाही. दुकानात आधी तोंड बघा, ते घट्ट मिटलेलं हवं. पायाला चीर नको, आणि बोटं चिकट हवीत. दुकानदाराला कोळंबीचा छोटा तुकडा द्यायला सांगा. अ‍ॅनिमोनने तो धरून तोंडाकडे नेला तर घ्यायला हरकत नाही. घरी आणल्यावर पहिले काही दिवस दिवे मंद ठेवा आणि खाऊ घालायची घाई करू नका. तो रुळला की आठवड्यातून एक-दोनदा तोंडाहून लहान तुकडा पुरतो.