स्तनाची पुनर्रचना: दीड वर्षाचा अनुभव

पोटाची कातडी आणि चरबी घेऊन छातीवर स्तन घडवण्याची शस्त्रक्रिया होऊन मला दीड वर्ष होत आलं. डॉक्टर तिला डीआयईपी फ्लॅप म्हणतात. या काळात परभणीचा अख्खा उन्हाळा, लग्नसराई, आषाढीच्या जादा गाड्या, सगळं या नव्या छातीनिशी निभावलं. मी एसटीत वाहक आहे. दिवसभर हात वर, अंगावर बॅगेचा आडवा पट्टा आणि चारही बाजूंनी माणसं. म्हणून मी जे लिहितेय ते बरचसं कामावरचं आहे.

त्याआधीचं थोडक्यात सांगते. कॅन्सरमुळे डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, गोळी अजून चालू आहे. तो भाग आपल्यापैकी बहुतेकींना तोंडपाठ आहे. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. स्तन काढण्याआधी मला किंवा ह्यांना एकानेही सांगितलं नाही की तो पुन्हा घडवता येतो, आणि काही जणींचा तर त्याच भुलेत, त्याच टेबलावर घडवतात. सह्या घेतल्या, तारीख दिली. नंतर कधी विषय निघालाच तर "जीव वाचला ना बाई" इथेच संपायचा. जीव आधी, यात वाद नाही. पण पर्याय माहीत असूनही नको म्हणणं वेगळं आणि माहीतच नसणं वेगळं. सपाट छातीने आनंदात राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. मला मात्र रोजच्या कामात जड जात होतं.

मधली काही वर्षं मी खिशाच्या ब्रामध्ये सिलिकॉनचा स्तन घालत होते. त्याआधी कापूस भरून पाहिला, पण हलकी वस्तू वर सरकते, हात उचलला की गळ्याशी येते. सिलिकॉनचा जड असल्यामुळे जागेवर बसतो आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहून पाठही वाकडी होत नाही. बसून काम करणारीला तो पुरेसा आहे, आणि ज्यांना पुन्हा चिरफाड नको त्यांना मी आजही तोच घ्यायला सांगेन. पण मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर गेला की त्याच्याखाली घामाचं तळं साचायचं, शेक दिलेली कातडी आधीच नाजूक, तिथे पुरळ यायचं. डाव्या खांद्यावर वजन घ्यायचं नसल्याने बॅगेचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे यायचा आणि बरोबर त्या सिलिकॉनला ढकलायचा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाड्यांना बायकांची गर्दी वाढली. त्या गर्दीत तिकीट फाडता फाडता माझं अर्धं लक्ष छातीवर असायचं. प्रत्येक थांब्यावर खाली उतरून पदराआड ते सारखं करायचं. त्या सारखं करण्यानेच मी थकले होते.

घरी विषय काढला तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आता कोणाला दाखवायचंय गं? पोरं लग्नाला आली." मला उत्तर सुचलं नाही. आमच्या आत्याच बोलल्या, "तिचं अंग हाय, तिला करू द्या. दिवसभर ते नीट करता करता जीव जातो तिचा." सासूने असं म्हटल्यावर घरात पुढे कोणी बोललं नाही.

इम्प्लांट, म्हणजे कातडीखाली बसवायचा कृत्रिम स्तन, का नाही, हा प्रश्न सगळ्या विचारतात. शेक दिलेल्या छातीत इम्प्लांट ठेवलं तर त्याभोवतीचं आवरण आखडण्याचा आणि जखम न भरण्याचा धोका वाढतो. म्हणून शेक झालेल्यांना बहुतेक वेळा स्वतःचंच मांस सुचवतात, पोटाचं किंवा पाठीचं. शिवाय इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे बदलावं लागू शकतं. ज्यांनी ते बसवलंय त्यांनी कंपनी आणि प्रकार लिहिलेलं कार्ड जपून ठेवावं. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण त्यांचा लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या एका दुर्मिळ प्रकाराशी संबंध आढळला होता. अशा वेळी आपल्या अंगात नेमकं काय आहे हे त्या कार्डावरूनच कळतं.

शेक संपल्यावर कातडी सावरायला निदान सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं. मग पोटाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. टॅमॉक्सिफेन, म्हणजे माझी ती चालू असलेली गोळी, शस्त्रक्रियेआधी काही आठवडे थांबवायला सांगितली, कारण तिने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. ती स्वतःच्या मनाने मात्र कोणी थांबवू नये. आणि आपल्याकडच्या बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिसरी. माझ्या शेजारच्या खाटेवर धाराशिवकडच्या एक मावशी होत्या, त्यांची तारीख मिसरीपायी पुढे ढकलली. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, आणि इथे सगळा खेळ बारीक रक्तवाहिन्यांचाच असतो. पोटाचा तुकडा रक्तवाहिनीसकट सोडवून घेतात आणि छातीतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. बिडी, तंबाखू, मिसरी, गुल, काहीही असो, निदान महिनाभर आधी पूर्ण बंद हवं. "दात घासण्यापुरतीच लावते" हे चालत नाही.

शस्त्रक्रिया मुंबईत झाली, जवळजवळ दिवसभर चालली. पहिल्या रात्री माझ्या चांगल्या लक्षात आहेत. दर तासाला नर्स यायची, नव्या छातीवर बोट दाबून सोडायची, पांढरी पडलेली कातडी किती वेळात पुन्हा रंगावर येते ते बघायची. मग जेली लावून पेनाएवढं डॉपलर टेकवायची. खर्र्र आवाज यायचा, आणि मग त्यातून सूं... सूं... सूं... माझं रक्त नव्या जागी पोचल्याचा आवाज. एका रात्री तो सापडेना. नर्सने यंत्र इकडून तिकडे सरकवलं, दिवा जवळ घेतला, एक शब्द बोलली नाही. मी श्वास धरून पडले होते. मग एकदम सूं... सूं... आला आणि तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. हे ऐकायला वेळ लागला असता तर मला तिथूनच पुन्हा टेबलावर नेलं असतं. अनुभवी हातांतही शंभरात एक ते पाच जणींचा फ्लॅप, म्हणजे छातीवर बसवलेला तो तुकडा, जगत नाही. हा आकडा मला आधीच सांगितला होता, आणि तो ऐकूनच मी सही केली होती.

घरी आल्यावरचे दिवस छातीपेक्षा पोटाने जड केले. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत टाका असतो, बेंबीसुद्धा नव्या छिद्रातून बाहेर काढलेली असते. सुरुवातीला कमरेत वाकूनच चालावं लागतं, झोपताना गुडघ्याखाली उशा. आपल्या घरांत खरी अडचण संडासाची होते, उकिडवं बसता येत नाही. भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची किंवा कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. जमिनीवर बसून भाकरी थापणं, हंडा उचलणं, गादी ओढणं, सगळं दोनेक महिने बंद. आमच्या गल्लीत टँकर येतो तेव्हा नळी धरायलाही माणूस लागतो. ते काम जाऊबाईंनी केलं, त्याच ज्यांनी प्रश्न विचारला होता. कामावर परतल्यावर आगारात मला आधी चौकशी खिडकीवर बसवलं, मग हळूहळू गाडीवर.

आता मिळालं काय ते. मी गंगाखेडची गाडी पूर्ण भरलेली असताना मागून पुढे तिकिटं फाडत येते आणि छाती जागेवर आहे की नाही हे बघत नाही. पट्टा तिच्यावरून जातो, काही हलत नाही. घामाने काही घसरत नाही. साधी ब्रा चालते. घरी अंघोळ करून गाऊनवर बाहेर येते, दाराशी कोणी आलं तर धावत आत जात नाही. ज्यासाठी केलं होतं ते मला पूर्ण मिळालं, आणि त्याचा मला रोज आनंद होतो.

जे मिळालं नाही तेही ऐका. तिथे स्पर्श कळत नाही. कडेने थोडी जाणीव परत आली आहे, मध्ये काहीच नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवी त्या बाजूला कधीच घेऊ नका. कढईतलं तेल उडालं तरी कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. परभणीच्या थंडीत ती छाती हाताला गार लागते, पहिल्यांदा मी घाबरले होते, पण ते नेहमीचं आहे. रंगही एक नाही. शेकाने काळवंडलेल्या छातीवर पोटाच्या उजळ कातडीचा लांबट गोल स्पष्ट दिसतो. उजवी बाजू वयाप्रमाणे उतरलेली, डावी वर. उजवी उचलून सारखी करायची शस्त्रक्रिया सुचवली होती, मी नको म्हटलं. आणि पोटाची चरबी छातीवर गेली तरी ती पोटाचीच. वजन वाढलं की तीही वाढते.

काही महिन्यांनी आंघोळीत चिंचोक्याएवढी घट्ट गाठ लागली. ते दोन-तीन आठवडे मी कोणाशी धड बोलले नाही. सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली, चरबीचा तो भाग रक्त कमी पोचल्याने मरून घट्ट झाला होता, याला फॅट नेक्रोसिस म्हणतात. असं बऱ्याच जणींना होतं. तरीही नवीन गाठ लागली तर मनाने ठरवू नका, दाखवा. पुनर्रचनेने कॅन्सर परत येण्याचा धोका वाढत नाही, पण पुनर्रचना झाली म्हणून तपासणी सुटतही नाही. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी असतेच. डाव्या हाताचं पथ्यही कायम: त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नाही, सुई नाही, सूज वाटली तर लगेच फिजिओथेरपी.

खर्चाचं बोलायचं तर खासगीत हे काही लाखांत जातं. मी एसटी बँकेचं कर्ज काढलं. तुम्ही महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असाल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पुनर्रचनेबद्दल वेगळं विचारा, कॅन्सरच्या उपचारातच ती आली असं धरून चालू नका. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत भाडं माफ असतं, दवाखान्याचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. देवगिरीने मुंबई गाठणाऱ्यांना त्याचा मोठा आधार होतो. प्लास्टिक सर्जनला आधी विचारा की ही सूक्ष्म शिवणीची शस्त्रक्रिया त्यांची टीम नेहमी करते का, आणि रात्री फ्लॅप तपासायला माणूस असतो का. ज्यांचं स्तन काढण्याचं अजून व्हायचं आहे त्यांनी सही करण्याआधीच हा विषय काढावा. कारण किती कातडी वाचवायची, शेक लागणार की नाही, यावर पुढचे पर्याय ठरतात.

स्तनाग्र अजून केलेलं नाही. ते जागा बधिर करून लहान शस्त्रक्रियेने करतात किंवा नुसतं गोंदवून रंग देतात. सध्या मला त्याची गरज वाटत नाही. कर्ज फिटल्यावर वाटली तर गोंदवून घेईन.