१९७१ मधली एकच रॉक रेकॉर्ड घ्यायची असेल तर?

भाचीने पहिल्या बोनसमधून टर्नटेबल घेतला आणि त्याच रात्री फोन केला. "मामा, तू सारखा एकाहत्तर-एकाहत्तर करत असतोस. माझ्याकडे आत्ता एकाच रेकॉर्डचे पैसे उरलेत. कुठली घेऊ?" मी तिला एका दमात सहा नावं सांगितली. ती म्हणाली, "सहा नकोत, एक सांग." फोनवर ते जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. तिच्यासारखेच अडलेले आणखी काही जण असतीलच.

आधी त्या वर्षाची नुसती हजेरी घेऊ. मार्चमध्ये जेथ्रो टलचा 'अ‍ॅक्वालंग' आला. एप्रिलमध्ये चार दिवसांच्या अंतराने द डोअर्सचा 'एल. ए. वुमन' आणि रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स'. जुलैत ऑलमन ब्रदर्स बँडचा 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' आणि ब्लॅक सॅबथचा 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी', ऑगस्टमध्ये द हूचा 'हूज नेक्स्ट', नोव्हेंबरमध्ये लेड झेपेलिनचा बिननावाचा चौथा अल्बम, डिसेंबरमध्ये डेव्हिड बोवीचा 'हंकी डोरी'. यातला एकेक अल्बम एखाद्या बँडला जन्मभर पुरला असता.

हे सगळं एकाच वर्षात का आलं? बीटल्स १९७० मध्ये फुटले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. सुट्या गाण्यापेक्षा अख्खी लाँग प्ले रेकॉर्ड विकत घेणारा श्रोता तयार झाला होता. बँडना दोन बाजू मिळून चाळीसेक मिनिटं हाताशी होती, त्यामुळे आठ मिनिटांचं गाणं करायला कुणी घाबरत नव्हतं. शिवाय एक ट्रक होता, आणि त्याच्याविषयी मला बोलायलाच हवं. रोलिंग स्टोन्सनी एका ट्रकमध्ये अख्खा स्टुडिओ बसवून घेतला होता. हा ट्रक हवा तिथे न्यायचा, घरातून तारा ओढायच्या आणि रेकॉर्डिंग सुरू. 'स्टिकी फिंगर्स'चं काही काम त्यात झालं, द हूनी तो वापरला, झेपेलिनने वापरला. वर्षअखेरीस डीप पर्पल त्याच ट्रकच्या भरवशावर स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला गेले आणि समोरचा कॅसिनो जळताना पाहून त्यांनी 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं लिहिलं, ते आज गिटार शिकणारा प्रत्येक मुलगा पहिल्याच आठवड्यात वाजवतो.

माझ्या मते खरी लढत दोघांत आहे: झेपेलिनचा चौथा आणि 'हूज नेक्स्ट'. तिसरा एक आहे, तो वेगळ्या दाराने आत येतो. बाकीचे उत्तम आहेत, पण पहिली रेकॉर्ड म्हणून मी ते सुचवणार नाही.

झेपेलिन की द हू?

दोन्ही बँड इंग्लंडचे. दोन्हींत चौघेच: गायक, गिटार, बेस, ड्रम्स. दोन्ही अल्बम बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटांचे. झेपेलिनचा चौथा ज्याने टेपवर उतरवला तो अँडी जॉन्स आणि 'हूज नेक्स्ट' ज्याने उतरवला तो ग्लिन जॉन्स, हे सख्खे भाऊ. इतकं साम्य असूनही दोन्ही ऐकताना आपण दोन वेगळ्या घरांत उभे आहोत असं वाटतं.

झेपेलिनचं घर तर खरोखरच ऐकू येतं. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या, थंडगार दगडी घरात त्यांनी मुक्काम ठोकला होता. शेवटच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'साठी जॉन बॉनमचा ड्रमसेट जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या दालनात मांडला आणि दोन माइक वर जिन्यातून सोडले. तो ठेका ऐकताना आघाताबरोबर भिंतींचा हुंकारही येतो. मूळ गाणं १९२९ मधलं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. पुराचं पाणी चढत येण्याची जी भीती शब्दांत आहे, ती इथे ड्रम्समध्ये उतरली आहे.

पहिल्या बाजूच्या शेवटी 'स्टेअरवे टू हेवन' आहे. त्याच्याविषयी इतकं बोललं गेलंय की नवा श्रोता आधीच कंटाळून येतो. त्याला माझी विनंती आहे की ते गाणं बंदिश ऐकावी तसं ऐका. सुरुवात विलंबितासारखी, नुसती गिटार आणि लाकडी बासऱ्या. ड्रम्स येतात ते चार मिनिटं उलटून गेल्यावर. लय हळूहळू चढत जाते, आणि सोलोनंतर रॉबर्ट प्लांट तार सप्तकात जातो तेव्हा कळतं की ही बढत पहिल्या सुरापासून आखलेली होती. आठ मिनिटांत इतका लांबचा प्रवास रॉकमध्ये फार थोड्यांनी केलाय.

दुसऱ्या बाजूवरचं 'फोर स्टिक्स' आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. बॉनमने ते दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलं, म्हणून ते नाव. १९७२ मध्ये झेपेलिनचा गिटारवाला जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत बसले आणि त्याच गाण्याचं एक रूप ध्वनिमुद्रित केलं. ते कित्येक वर्षं पडून होतं. २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं. मूळ गाणं आणि मुंबईचं रूप लागोपाठ ऐकलं की त्या तिरक्या लयीला आपल्याकडच्या तालवाद्यांवर किती सहज घर मिळतं ते कळतं.

आता 'हूज नेक्स्ट'. हा अल्बम एका मोडलेल्या स्वप्नातून आला. द हूचा गिटारवाला आणि गीतकार पीट टाउनशेंड याला 'लाइफहाउस' नावाचं प्रचंड काम करायचं होतं. त्यात चित्रपट होता, नाट्य होतं आणि श्रोत्यांसकट सगळे एका सुरात विरून जातील अशी कल्पना होती. ती कुणालाच नीट समजावता आली नाही आणि तो पार खचला. मग ग्लिन जॉन्सच्या मदतीने त्या ढिगाऱ्यातून अल्बमच्या नऊपैकी आठ गाणी उचलली गेली. म्हणूनच या अल्बममध्ये भरतीचं गाणं जवळजवळ सापडत नाही. 'गोइंग मोबाइल' थोडं हलकं आहे, एवढीच माझी तक्रार.

पहिलं गाणं 'बाबा ओ'रायली'. या नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा. पुण्यात जन्मलेले, १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळलेले, ज्यांची समाधी अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, मेहेराबादला आहे, तेच. टाउनशेंड त्यांचा निस्सीम भक्त. बाबांचं देहावसान १९६९ मध्ये झालं, पुढे १९७२ मध्ये तो समाधीच्या दर्शनालाही येऊन गेला. नावातला रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, जो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. म्हणजे लंडनच्या एका रॉक गाण्याच्या नावातली दोन्ही माणसं आपल्याच बाजूला येऊन मिळतात. मी हे कळण्याआधी वीस वर्षं ते गाणं ऐकत होतो. कळल्यावर पुन्हा लावलं, तेव्हा सुरुवातीचा तो सतत गरगरणारा ऑर्गन मला वेगळाच ऐकू आला.

तो आवाज सिंथेसायझरचा आहे असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो लाउरी नावाच्या घरगुती ऑर्गनचा आहे, ज्यात बोट दाबून धरलं की सूर आपोआप टकटकत राहतात. त्यावर पियानोचे तीनच जाड स्वरमेळ पडतात, मग कीथ मूनचे ड्रम्स. शेवटी डेव्ह आर्बसचं व्हायोलिन येतं आणि लय अशी पळत सुटते की जागेवर बसवत नाही.

दुसरं गाणं 'बार्गेन'. वरवर प्रेमगीत वाटतं, पण टाउनशेंडने ते ईश्वराला उद्देशून लिहिलंय: तुला मिळवण्यासाठी स्वतःला हरवून बसेन, आणि तरी हा सौदा स्वस्तच म्हणेन. अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की इथे रॉजर डॉल्ट्री ते गिरणीच्या भोंग्याइतक्या जोराने गातो.

आणि शेवटचं 'वोंट गेट फूल्ड अगेन', साडेआठ मिनिटांचं. सातव्या मिनिटाच्या आसपास सगळं थांबतं आणि नुसता ऑर्गन उरतो, सिंथेसायझरमधून गाळलेला, श्वास घेतल्यासारखा. मग मूनचे ड्रम्स, आणि मग डॉल्ट्रीची ती आरोळी. हेडफोन लावून ऐकणार असाल तर आवाज आधीच थोडा कमी करून ठेवा.

तर दोघांतला कुठला? तुमच्याकडे मोठे स्पीकर आणि मोकळी खोली असेल, भारदस्त, अंधाऱ्या, जरा गूढ आवाजाची ओढ असेल, तर झेपेलिन घ्या. त्या अल्बमला हवा लागते. लहान स्पीकरवर 'लेव्ही'तला खर्ज निम्मा गळून जातो. 'हूज नेक्स्ट' साध्या यंत्रावरही पूर्ण उभा राहतो, कारण ग्लिन जॉन्सने प्रत्येक वाद्याला स्वतंत्र जागा दिली आहे. जॉन एन्टविसलचा बेस ऐकत ऐकत तुम्ही अख्खं गाणं पार करू शकता. दुसरा फरक मनाचा. झेपेलिन तुम्हाला दबवून टाकतो, द हू तुमच्याशी बोलतो. झेपेलिनच्या गाण्यांत परीकथा आणि पर्वत आहेत. द हूच्या गाण्यांत चुकलेला, चिडलेला आणि तरीही कशाची तरी आस धरून असलेला माणूस आहे. विक्रीत झेपेलिन कितीतरी पुढे आहे, जगभरात तीन कोटींहून जास्त प्रती. पण त्याच कारणाने तो तुमच्यापर्यंत कुठल्या तरी वाटेने येणारच आहे. पैसे एकदाच खर्चायचे असतील तर मी 'हूज नेक्स्ट'वर खर्चीन.

ज्यांचा कान मैफलीत तयार झालाय

तुम्ही आजवर रॉक ऐकलंच नसेल आणि घरात शास्त्रीय संगीत चालत असेल, तर वरच्या दोन्ही अल्बमांआधी 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' ऐका. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात मार्च १९७१ मध्ये झालेल्या कार्यक्रमांचं हे ध्वनिमुद्रण. दोन रेकॉर्डी, गाणी फक्त सात. त्यातलं शेवटचं 'व्हिपिंग पोस्ट' तेवीस मिनिटं चालतं आणि चौथी बाजू एकट्यानेच व्यापतं. त्याच्या सुरुवातीचा आकृतिबंध अकरा मात्रांचा आहे, तीन-तीन-तीन-दोन असा. हाताने मोजून पाहा, दुसऱ्या आवर्तनात सम सापडेल.

दोन गिटारवाले, ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स. दोन ड्रमवाले. 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'मध्ये एकही शब्द नाही. ड्वेन माइल्स डेव्हिसचं जॅझ अखंड ऐकायचा, आणि एका स्वरसमूहात मुक्काम करून तिथेच विस्तार करत राहायचं, हा धडा त्याने तिथून घेतला. आपल्याला ही गोष्ट लहानपणापासून माहीत असते, म्हणून इथे परकं वाटत नाही. एक गिटार बोलते, दुसरी थांबून ऐकते, मग दोघी एकदम एकाच वळणावर येतात. श्रोत्यांची दादसुद्धा नेमक्या जागी पडते.

ड्वेन त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मोटारसायकलच्या अपघातात गेला. वय २४. अल्बम येऊन चार महिनेही झाले नव्हते. 'स्टेट्सबरो ब्लूज'मध्ये औषधाची काचेची बाटली बोटात घालून तो तारांवरून जी मींड काढतो, ती ऐकताना दर वेळी माझ्या गळ्यात काहीतरी अडकतं.

अडचण एकच. दुहेरी रेकॉर्ड, त्यामुळे किंमत जास्त. आधी ऑनलाइन ऐकून पाहा.

बाकीच्यांना नंतर का ठेवायचं

'स्टिकी फिंगर्स' हा माझ्या मते स्टोन्सच्या सर्वोत्तम दोन-तीन अल्बमांतला. 'कान्ट यू हिअर मी नॉकिंग' ठरलेलं गाणं संपल्यावरही थांबत नाही, बँड वाजवत राहतो, टेप फिरत राहते आणि त्या न ठरवलेल्या मिनिटांत बॉबी कीजचा सॅक्सोफोन आणि मिक टेलरची गिटार सोनं करून जातात. 'मूनलाइट माइल' तर अपार सुंदर आहे. पण सुरुवातच 'ब्राउन शुगर'ने होते, ज्यात गुलामांच्या बाजारातल्या स्त्रीवरच्या अत्याचाराचं वर्णन चटकदार ठेक्यावर केलंय. बँडने स्वतः २०२१ च्या दौऱ्यात ते गाणं गाळलं. पहिली रेकॉर्ड म्हणून कुणाच्या हातात देताना मला ते खटकतं. जुनी प्रत घेत असाल तर पाहून घ्या: अँडी वॉरहॉलच्या कल्पनेतल्या त्या वेष्टणावर पँटची खरीखुरी झिप होती आणि ती रेकॉर्डीवर रुतायची.

'एल. ए. वुमन' रात्री एकट्याने ऐकायचा. 'रायडर्स ऑन द स्टॉर्म'मधला पाऊस ओसरतो आणि अल्बम आल्यावर तीन महिन्यांतच, ३ जुलैला, बँडचा गायक जिम मॉरिसन पॅरिसमध्ये वारला, हे आठवतं. 'अ‍ॅक्वालंग'मध्ये इयन अँडरसनची बासरी आहे, तीही फुंकता-फुंकता गुणगुणणारी. बासरीची आवड असेल तर जरूर घ्या, शक्यतो स्टीव्हन विल्सनने २०११ मध्ये नव्याने मिक्स केलेली प्रत, कारण मूळ मुद्रणाचा आवाज दबका आहे. सॅबथ ज्याला आवडतो त्याला कुणी सांगावं लागत नाही.

भाचीला शेवटी 'हूज नेक्स्ट' सांगितला. आठवड्याने तिचा मेसेज आला, की पहिलीच बाजू तीनदा लावली, दुसरी अजून उलटलेलीच नाही. तिच्यासाठी 'बिहाइंड ब्लू आइज' आणि ती आरोळी अजून शिल्लक आहेत. मी तिला आधीच काही सांगितलेलं नाही.