व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: घांघरियाच्या वाटाड्यासोबतची वनस्पती-भ्रमंती

उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानासाठी घांघरियाहून स्थानिक वाटाड्याची दिवसभराची सेवा घेता येते. कोणती वनस्पती कोणत्या जागी, कोणाच्या सोबतीने आणि कशामुळे वाढते, हे आमच्या वाटाड्यांनी ज्या बारकाईने दाखवले, त्यासाठी मी या सेवेची शिफारस करतो.

घांघरिया सुमारे ३,००० मीटर उंचीवर आहे. तेथील फर आणि कैल या सूचिपर्णी वृक्षांच्या दाट सावलीतून चढत गेल्यावर भूर्जवृक्ष आणि त्याखाली ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपे लागतात. भूर्जाचे बुंधे मुळाशीच वाकलेले का असतात, हे त्यांनी उतारावर साचणाऱ्या बर्फाच्या भारावरून समजावले. हिमकडे कोसळण्याच्या वाटांवर मोठी झाडे टिकत नाहीत आणि तेथे उंच, रसाळ वनस्पतींचे रान माजते. आडोशाच्या धारेवर मात्र जंगल बरेच वर सरकते. खोल, ओलसर मातीत आपल्या तेरड्याचा उंच हिमालयी भाऊबंद, तर कोरड्या दगडाळ उतारावर बुटका जुनिपर आढळतो.

सर्वाधिक वेळ झपाट्याने पसरून इतर फुलझाडांची जागा व्यापणाऱ्या ‘अमेला’ या वनस्पतीवर गेला, आणि तो योग्यच होता. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यानंतर येथील चराई थांबली. अमेल्याचा फैलाव त्यामुळेच झाला की नाही, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. वाटाड्यांचा कल चराई थांबल्यामुळेच तो झाला या मताकडे असला, तरी दुसरी बाजूही त्यांनी प्रामाणिकपणे मांडली. ब्रह्मकमळ पाहायचे असेल तर घांघरियाच्या वरच्या हेमकुंड सरोवराची चढण चढा, येथे त्याची आशा धरू नका, असेही त्यांनी निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले. पर्यटन व्यवसायात इतका सरळपणा विरळाच!

उणिवाही आहेत. गट मोठा असल्याने मागच्यांना निम्मेच ऐकू येत होते. नावे बहुतेक गढवाली होती, त्यामुळे शास्त्रीय नावे हवी असणाऱ्यांनी सचित्र मार्गदर्शिका सोबत ठेवावी. उद्यानात मुक्कामाला परवानगी नसल्यामुळे संध्याकाळपूर्वी परतावे लागते. जंगलात रेंगाळल्यावर पुष्पावती नदीच्या काठापर्यंतचे कुरण घाईत उरकले गेले. फाटक उघडताच आत शिरणे आणि चार-पाच जणांचा स्वतंत्र गट करणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

कासच्या पठारासारखे एकाच रंगाचे सलग गालिचे अपेक्षित असणाऱ्यांनी ही सेवा घेऊ नये. येथे अनेक जाती एकमेकींत मिसळून फुलतात, आणि त्यांची सरमिसळ उलगडून घेण्याची चिकाटी नसेल, तर वाटाड्याचे शुल्क वाया गेल्यासारखे वाटेल.