डिकीतला फायबरचा बॉक्स: एक पावसाळा काढल्यावर

मार्चमध्ये स्विफ्टच्या डिकीत, डाव्या कोपऱ्यात, फायबर ग्लासचा पोर्टेड (म्हणजे हवा जायला पाईप ठेवलेला) स्पीकर बॉक्स घरीच बनवला. दहा इंची सबवूफर (फक्त खोल, खालचे आवाज काढणारा स्पीकर), आतली हवा ४५ लिटर, ट्यूनिंग (ज्या सुरावर पाईपमधली हवा स्वतःच घुमते तो) ३४ हर्ट्झ. नऊ महिने झाले. कोल्हापूरचा अख्खा पावसाळा त्यानं काढला, म्हणून आता लिहितोय.

आधीचा एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळीचा) बॉक्स दोन पावसाळ्यांत खालून फुगला, स्क्रू धरेनात. फायबरचा एवढासाही हलला नाही. शिवाय कोपऱ्याच्या वळणात बसल्यामुळं आठवड्याचा बाजार अजूनही डिकीत मावतो. तोंडाची फळी मात्र १८ मिमी एमडीएफचीच आहे, पण कडांसकट रेझिन (फायबरचे थर घट्ट धरणारं द्रव) पाजलेली.

खरी मेहनत माप काढण्यात गेली. असल्या वाकड्यातिकड्या पोटाचं लिटर टेपनं निघत नाही. शेवटी चुरमुरे आणले आणि पाच लिटरच्या तेलाच्या डब्यानं मोजून ओतले. दहा डबे आणि वर दीड लिटर भरले. त्यातले चार लिटर पाईप खातो, अडीच स्पीकरची पाठ, उरले ४५. ११० मिमीचा पीव्हीसी पाईप घेतला, आतून १०.४ सेंमी. सूत्रानं लांबी ४१ सेंमी आली. एवढा सरळ बसेना म्हणून एल्बो टाकला आणि आतलं तोंड भिंतीपासून अकरा सेंमी लांब ठेवलं.

पाईप कायमचा चिकटवायच्या आधी मोबाईलवरून एकेक हर्ट्झचा टोन वाजवून बघितला. ट्यूनिंगवर आवाज पाईपमधून येतो आणि कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) जवळजवळ थांबतो. माझा थांबला ३६ वर. कपलर (पाईप जोडायचा तुकडा) लावून पाईप सहा सेंमी वाढवला, तेव्हा ३४ ला कोन शांत, आणि पाईपसमोर धरलेला कागद फडफडतोय! तो क्षण मी विसरणार नाही.

आवाज? ढोलाचा ठोका छातीत लागतो आणि लगेच थांबतो, मागं घुमत नाही. वरचं सगळं ८० हर्ट्झला कापलंय.

पहिल्या महिन्यात एक चूक झाली. सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारी सेटिंग) बंद होता. ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही. एका गाण्यात कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) मागं टक्कन आपटली. त्या दिवसापासून फिल्टर २८ हर्ट्झवर आहे. दुसरं म्हणजे बॉक्सची सपाट बाजू हाताला थरथरायची. वळणाच्या भागाला फायबरचे सहा थर पुरले, सपाटीला आतून लाकडी पट्टी आणि आणखी तीन थर द्यावे लागले.

करणाऱ्यांनी हे ऐकाच: हार्डनर (रेझिन घट्ट करणारं) आणि कोबाल्ट (ते लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रव) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर नंतर. चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. काम उन्हाळ्यातच उरका, दमट हवेत रेझिन चिकट राहतं. वास महिनाभर गेला नाही. आई तोवर गाडीत बसली नाही.

आणि बॉक्स बोल्टनं आवळताना स्टेपनीचा विचार करा. ऑगस्टमध्ये कागलजवळ पंक्चर झालं, धो धो पावसात चार बोल्ट पान्यानं सोडवत बसलो. आता तिथं हातानं फिरणारे विंग नट आहेत.